एका कान्याचं अंतर

किसुमूच्या दोन नंबरच्या कोर्टात
पंखा आहे, फिरत नाही.
खिडकीतून वाळत घातलेल्या ओमेनाचा वास येतो.
फायलींनाही तोच.

वासोंगा, वय तेवीस, पिंजऱ्यात उभा.
आरोप बोटीचं इंजिन चोरल्याचा.
चोरलं की नाही, हा आजचा प्रश्न नाही.
आजचा प्रश्न एवढाच, की
बोलावलं तर येशील का?

सरकारी वकील चेरोनो उठतात.
त्यांचा आवाज चांगला आहे, उगीच चढत नाही.
म्हणतात, या तळ्याला तीन देश आहेत, मॅडम.
हा माणूस रात्री कंदिलाशिवाय पार जातो.
वारा कुठल्या प्रहरी फिरतो, त्याला ठाऊक.
पलीकडच्या किनाऱ्यावर त्याला नावानं ओळखतात.

वासोंगा ऐकतो, आणि क्षणभर
त्याची मान ताठ होते.
इतकं चांगलं त्याच्याबद्दल
आजवर चारचौघांत कुणी बोललं नव्हतं.

मग प्रोबेशन ऑफिसर नाफुलाचा अहवाल, दीड पान.
ती वस्तीवर जाऊन आलीय, बुटांना अजून चिखल आहे.
घर पत्र्याचं, भाड्याचं, कुलूप एक.
घरात आई, बहीण, बहिणीची दोन मुलं,
आणि दुकानातली उधारीची वही,
जी त्यानं कधी बुडवली नाही.
शेजारणीला विचारलं, पळेल का?
ती जाळं सांधता सांधता म्हणाली,
पळायलाही आधी पैसे लागतात, पोरी.

हे वाक्य अहवालात नाही.
तिथे लिहिलंय, समाजाशी संबंध समाधानकारक.

दंडाधिकारी मुम्बुआ चष्मा काढतात.
गेल्या वर्षी याच टेबलावरून
त्यांनी एकाला सोडलं होतं. गरीब, नम्र, लग्न ठरलेला.
तो परत आला नाही.
त्याची फाईल वरच्या कप्प्यात आहे
आणि कपाट रोज उघडावं लागतं.
कायदा म्हणतो, दोषी ठरेपर्यंत निर्दोष.
कायद्याला कपाट नसतं.

मंजूर, त्या म्हणतात.
एक लाख शिलिंगांचा जामीनदार, जमिनीच्या कागदासह,
किंवा रोख तीस हजार.

मंजूर!
मागच्या बाकावर आई, आपोंडी,
बाजूच्या अनोळखी बाईचा हात दाबते.
मग आकडा तिच्यापर्यंत पोचतो
दुभाष्याच्या तोंडून, एकेक शून्य करत,
आणि ती हात सोडते.

माझ्या भाषेत जामीन आणि जमीन
यांच्यात एका कान्याचं अंतर आहे.
आपोंडीला मराठी येत नाही,
पण हे व्याकरण तिला पाठ आहे.
जमीन आहे. कागद मेलेल्या सासऱ्याच्या नावावर,
आणि मेलेला माणूस
कुणाला जामीन राहत नाही.

कोर्टाच्या ओट्यावर तिचा फोन थरथरू लागतो.
दोनशे. पन्नास. पाचशे, चर्चकडून.
सत्तर, नुसता नंबर, नाव नाही.
रोखपालाची खिडकी चारला बंद होते.
चारला झाले होते अठरा हजार सहाशे.

अकरा दिवस लागले.

सुनावणी नोव्हेंबरात, सकाळी नऊला.
वासोंगा साडेसहालाच आला,
झाडूवाल्याच्याही आधी,
शर्ट उसना, केस ओले.
पायरीवर बसून राहिला.
झाडूवाला म्हणाला, पाय उचल. त्यानं उचलले.
नऊला नाव पुकारलं.
हजर, तो म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं.

फिर्यादी आला नव्हता.
इंजिनाचा मालक म्हणे पलीकडे गेलाय,
युगांडात, मासळीला भाव बरा आहे म्हणून.
कधी येईल, कुणालाच सांगता येईना.
चेरोनोंनी घसा साफ केला.

पुढची तारीख पडली, फेब्रुवारीतली.
वासोंगानं कारकुनाकडून पेन मागून घेतलं
आणि ती तळहातावर लिहिली.